गोटीपुआला सर्कस म्हणणाऱ्यांना

ओडिशातल्या गोटीपुआ मुलांचा कार्यक्रम संपला की बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर येतं: "मुलं कमालीची लवचीक आहेत हो, पण याला नृत्य कसं म्हणायचं? ही कसरत झाली." हेच मत जरा अभ्यासू चेहऱ्याने मांडलं जातं तेव्हा ते असं येतं: गोटीपुआ ही ओडिसीची कच्ची, गावठी पूर्वावस्था, तिच्यातलं शास्त्र गाळून घेतलं ते ओडिसी झालं आणि तळाला जो गाळ राहिला ते बंधनृत्य, म्हणजे शरीर वळवून आकृती रचणं. शिबिरांत, परिसंवादांत, परीक्षणांत हे मत इतक्यांदा उच्चारलं गेलं आहे की ते आता कुणा एकाचं राहिलेलं नाही. म्हणून कुणाचं नाव न घेता मी त्या मतालाच उत्तर देतो. ते शास्त्राला धरून नाही, इतिहासाला धरून नाही, आणि ज्या पोरांच्या अंगावर ही कला उभी आहे त्यांच्यावर ते सरळसरळ अन्याय करतं.

ज्यांनी हे नृत्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुरीच्या आसपास रघुराजपूर, दिमिरिसेना अशा गावांत पाच-सहा वर्षांची मुलं गुरूच्या आखाड्यात दाखल होतात. केस वाढवतात. कार्यक्रमाच्या दिवशी पट्टसाडी, कांचुला नावाची भरजरी चोळी, कमरेला पट्टा, कपाळावर गंधाची नक्षी आणि हातापायांना अळिता लावून मुलीच्या वेषात उभी राहतात. परंपरा सांगते की सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुर्द्याचा राजा रामचंद्र देव याने या प्रथेला आश्रय दिला. जगन्नाथाच्या देवळात नाचायचा मान माहारींचा, म्हणजे तिथल्या देवदासींचा. देवळाबाहेर, चंदनयात्रेच्या नावेत आणि झुलणयात्रेच्या मांडवात नाचायचं ते या मुलांनी. वैष्णवांचा सखीभाव त्यामागे आहे: भक्ताने राधेची सखी होऊन कृष्णाकडे पाहायचं. आवाज फुटला, अंग भरलं की मुलगा नाचातून बाहेर पडतो. मग कुणी मर्दळ हे चर्मवाद्य वाजवतो, कुणी गातो, कुणी स्वतःच गुरू होतो, कुणी शेतीला किंवा पटचित्राला लागतो.

कार्यक्रम वंदनेने सुरू होतो, मग सारिगम म्हणजे शुद्ध नृत्त, मग अभिनय, आणि सर्वांत शेवटी बंध. अभिनयाची गीतं बनमाळी दास, कविसूर्य बलदेव रथ, गोपालकृष्ण पट्टनायक अशा ओडिया कवींची. जुन्या पद्धतीत मुलं नाचता नाचता ती स्वतःच गातात. चौक आणि त्रिभंग या ज्या दोन उभ्या ठेवणींवर ओडिसी उभी आहे, त्याच दोन ठेवणींवर ही मुलं लहानपणापासून उभी असतात. म्हणजे बंध सुरू होण्याआधी त्या मुलाने वंदना केलेली असते, लयीत पाय टाकलेले असतात, राधेच्या सखीच्या तोंडचं गाऱ्हाणं डोळ्यांनी आणि गळ्याने सांगितलेलं असतं. कसरत म्हणणाऱ्यांना हा आधीचा सगळा भाग आठवत नाही. आठवतात ते फक्त डोक्यावरून पुढे आलेले पाय.

तर मग त्या पायांबद्दलच बोलू.

रघुराजपूरच्या एका अंगणात मी कालियादलनाचा बंध अगदी हातभर अंतरावरून पाहिला. एक मुलगा पालथा झाला, छाती आणि हनुवटी जमिनीला टेकवली, कंबर मागून उचलत नेली आणि दोन्ही पाय डोक्यावरून पुढे आणले, इतके की टाचा कानांशी आल्या आणि तळवे समोर उघडले. तळव्यांवरचा लाल अळिता हा नागाचा फणा. आणखी दोघे त्याच्या दोन्ही अंगांना तसेच वळले. सगळ्यांत लहान मुलगा त्यांच्यावर पाऊल ठेवत वर चढला आणि त्याने बासरी धरली. बासरी अर्थातच नुसत्या हातांची, खरी नाही. जिम्नॅस्ट अशा जागी सरळ ताठ उभा राहील, कारण ताठ उभं राहण्यात तोल सोपा. हा पोरगा त्रिभंगात उभा राहिला: मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला, एक पाय दुसऱ्यापुढे आडवा. खाली तीन जिवंत, श्वास घेणारी शरीरं, आणि वर तोलाच्या दृष्टीने सर्वांत अवघड अशी ठेवण. ती का? कारण तो कृष्ण आहे आणि कृष्ण असाच उभा राहतो.

गुरू मर्दळावर एकतालीची चार मात्रांची आवर्तनं देत होते. चढणाऱ्या मुलाचं पाऊल समेवर पडत होतं, खालचे फणे लयीत डुलत होते. बंध जुळून आला तेव्हा मर्दळावर मान वाजली. आपल्या तिहाईसारखाच तीनदा फिरून येणारा तुकडा. तिसऱ्या वेळच्या शेवटच्या बोलावर त्या पोराची नजर पायाखालच्या कालियावरून उठून समोरच्या माणसांवर आली. बस, एवढंच. पण तेवढ्या नजरेत नाग जिंकल्याचं समाधान होतं, आणि त्याला मारला नाही ही दयाही होती. कसरतपटू एवढ्या कठीण जागी पोहोचला की त्याचं काम संपतं. या मुलाचं काम तिथे सुरू होत होतं.

मला विचाराल तर इथेच निकाल लागतो. ताल आहे, अंगाची रेषा ठरलेली आहे, पात्र आहे, कथा आहे, नजर आहे. नृत्य म्हणायला आणखी काय हवं?

यावर लगेच उत्तर येतं की कालियादलन ठीक आहे, त्यात कथा आहे. पण हातांवर चालणं, पाठीमागे वळून घोटे धरणं, चक्रासारखं फिरत जाणं, यात कुठला भाव? त्यातून प्रेक्षकाला वाटतं ते फक्त आश्चर्य. मान्य, आश्चर्य वाटतं. पण भरताने सांगितलेल्या आठ रसांत अद्भुत हा रस आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायी भाव आहे, याचा विसर कसा पडतो? शृंगार आणि करुण तेवढे रस, आणि माणसाचं शरीर इतकं वळू शकतं हे पाहून तोंडाचा आ वासणं म्हणजे हलकी करमणूक, ही उतरंड नाट्यशास्त्रात नाही. ती आपण आपल्या मध्यमवर्गीय अभिरुचीतून आणली आहे.

शास्त्राचं नाव घेऊनच गोटीपुआला खाली बसवलं जातं, म्हणून शास्त्र काय म्हणतं ते नीट पाहावं. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणं आहेत. वृश्चिक वर्गातल्या करणांत पाय मागून विंचवाच्या नांगीसारखा वर येतो. ललाटतिलकात पायाचा अंगठा कपाळापर्यंत नेऊन तिलक लावायचा आहे. शेवटच्या गंगावतरणात पाय वर आणि हात खाली. चिदंबरमच्या गोपुरांवर ही करणं श्लोकांसह कोरलेली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या वरच्या मजल्यावर ८१ करणं आहेत आणि ती करणारा साक्षात शिव आहे. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी आयुष्यभराच्या अभ्यासातून दाखवून दिलं की करण म्हणजे एक ठरलेली मुद्रा धरून उभं राहणं नाही, ती हातापायांची जोडून केलेली हालचाल आहे. म्हणजे शिवाने केलं तर तांडव, पुरीच्या पोराने केलं तर डोंबारखेळ. हा कुठला न्याय?

त्याच नाट्यशास्त्रात चारींच्या, म्हणजे पायांच्या चालींच्या, विवेचनाच्या शेवटी नर्तकाच्या व्यायामाबद्दल लिहिलं आहे. अंगाला तिळाचं तेल किंवा जवाची पेज चोळून घ्यावी, मग जमिनीवर आणि अधांतरीही व्यायाम करावा, आणि जमीन ही व्यायामाची आई आहे, अशा अर्थाचं. गोटीपुआ आखाड्यात सकाळी जे होतं ते याहून वेगळं नाही. तेल लावून गुरू मुलाचं अंग मळतात, सांधे मोकळे करतात, मग जमिनीवर वळणं सुरू होतात. कथकळीच्या शिष्यांना पावसाळ्यात पायांनी तेल चोळून मळतात, तेव्हा आपण त्याला साधना म्हणतो, त्यावरचे माहितीपट आदराने पाहतो. ओडिशाच्या स्वतःच्या परंपरेत महेश्वर महापात्रांच्या 'अभिनय चंद्रिका'मध्ये बंधांचा उल्लेख आहे. गगन, तोरण, शयन, मयूर, हंस, चर्कि, नौका, कंदर्परथ ही नावं गुरूंच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. ज्याला नावं आहेत, क्रम आहे, शिकवण्याची पद्धत आहे आणि चूक-बरोबर ठरवणारे जाणते आहेत, त्याला शास्त्र नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यापेक्षाही मला जो प्रश्न विचारायचा आहे तो दुटप्पीपणाचा आहे. कुचिपुडीचा तरंगम् आपण पाहतो. नर्तकी पितळी थाळीच्या कडेवर उभी राहून तालात सरकत जाते, डोक्यावर पाण्याची लोटी. सभागृह टाळ्यांनी भरून जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात 'नृत्य आणि तोल यांचा सुंदर मिलाफ' असं येतं. त्या परीक्षणात सर्कशीची आठवण कुणी काढत नाही. मणिपुरीतल्या पुंग चोलोममध्ये पुरुष पुंग हा ढोल वाजवत हवेत झेपावतात, गिरक्या घेत गुडघ्यांवर उतरतात. तो मणिपुरी परंपरेचा अभिमानाचा भाग आहे, आणि असायलाच हवा. आणि आपल्या घरचा कथक? पुण्यात एखादा चांगला नर्तक एका पायावर चक्करांची मालिका सुरू करतो तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले बुजुर्ग बोटांवर चक्करं मोजतात. समेवर थांबला की 'क्या बात है'. ती दाद शरीराच्या कसबाला आणि लयीच्या हिशेबाला एकाच वेळी दिलेली असते, आणि ती योग्यच आहे. मग गोटीपुआ मुलाने चर्कि बंधात फिरत येऊन समेवर अंग सोडलं, तर तीच दाद का आटते?

मला याचं उत्तर कलेच्या नियमांत सापडत नाही. ते सापडतं नाचणारे कोण आहेत यात. कुचिपुडी ही मूळची ब्राह्मण पुरुषांची परंपरा, आणि त्यातही पुरुषच स्त्रीवेष घेत. वेदांतम् सत्यनारायण शर्मा स्त्रीभूमिकांसाठीच थोर मानले गेले. कथकला दरबार लाभला, घराणी लाभली. गोटीपुआ शेतकऱ्यांच्या, चित्रकारांच्या, गरीब घरांतल्या पोरांचा. आखाडा ही त्यांची जागा, आणि पुरीच्या गल्ल्यांतले आखाडे तर कुस्ती-कसरतीसाठीच ओळखले जाणारे. अंगमेहनतीतून आलेली कला 'कसरत' ठरते आणि ग्रंथातून आलेली 'शास्त्रीय', ही विभागणी आपल्या समाजाची फार जुनी खोड आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत ओडिशाला उपदेश करू नये. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणाच्या दरबारी बसून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे अभ्यासक ज्याला हात जोडतात तो हा ग्रंथ आपल्या मातीत लिहिला गेला. त्याच्या शेवटच्या नर्तनाध्यायात भरताच्या करणांशिवाय ३६ उत्प्लुतिकरणं आहेत, म्हणजे उड्यांची, शरीर हवेत फेकून वळवण्याची करणं. त्याच ग्रंथात दोरीवर चालणाऱ्या कोल्हाटिकाचंही वर्णन येतं. शार्ङ्गदेवाला नर्तनाच्या ग्रंथात त्याला जागा द्यायला संकोच वाटला नाही. संकोच आपल्याला वाटला. आपण कोल्हाट्यांच्या मुलाला रस्त्याच्या कडेला बांबू आणि दोरी देऊन उभं केलं, मुलीला फडावर पाठवलं, आणि दोघांच्या अंगातली विद्या कधी नृत्याच्या अभ्यासक्रमात येऊ दिली नाही. तमाशात बाया यायच्या आधी नाच्या पोऱ्या नाचत होता, त्याच्या अंगाच्या कसबाबद्दल किती लिहिलं गेलं? जवळजवळ काहीच नाही. गोटीपुआला सर्कस म्हणताना आपण हीच चूक दुसऱ्या प्रांतात जाऊन करतो.

आता 'ओडिसीचा कच्चा माल' या आरोपाकडे येतो. इतिहास काय आहे? केलुचरण महापात्र १९२६ साली रघुराजपुरात, चित्रकारांच्या घरात जन्मले आणि लहानपणी गोटीपुआ म्हणून नाचले. मायाधर राऊत गोटीपुआतून आले. गंगाधर प्रधानांनी पहिलं पाऊल टाकलं ते दिमिरिसेनाच्या आखाड्यात. १९५० च्या दशकात कटकमध्ये जयंतिका या नावाखाली गुरू आणि अभ्यासक एकत्र बसले. केलुचरण, मायाधर राऊत, देवप्रसाद दास, माहारी परंपरेतून आलेले पंकज चरण दास हे सगळे त्यात होते. मंगलाचरण, बटू, पल्लवी, अभिनय, मोक्ष असा रंगमंचावरचा क्रम त्यांनी बसवला. १९५८ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीच्या नृत्य परिसंवादात ओडिसीची बाजू मांडली गेली आणि पुढे तिला शास्त्रीय म्हणून मान्यता मिळत गेली. या सगळ्यात बंधांना स्वतंत्र जागा मिळाली नाही.

का मिळाली नाही याची कारणं मला समजतात आणि मी त्या गुरूंना दोष देत नाही. नव्या देशात प्रत्येक प्रांताला आपली कला प्राचीन आणि शास्त्रोक्त आहे हे सिद्ध करायचं होतं. काही वर्षांपूर्वीच मद्रासकडे सदिर या देवदासींच्या नाचाचं भरतनाट्यम् होताना सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यात काय ठेवायचं, काय टाकायचं हे सभ्य समाजाच्या नजरेने ठरलं होतं. ओडिसी शिकायला आता शिकलेल्या घरांतल्या मुली येणार होत्या, त्यांना वयाच्या तिशी-चाळिशीतही नाचायचं होतं. आणि बंध तर बाराव्या-चौदाव्या वर्षी शरीराबाहेर जातात. मोठ्या रंगमंचावर एकटीने दीड तास उभं राहायचं तर दुसऱ्या प्रकारचा डौल हवा. हे सगळे निर्णय व्यवहाराचे होते, काही अत्यंत सुंदर होते. केलुचरणांच्या हातून जी ओडिसी आली ती मुंबईत झेलम परांजपे यांच्यासारख्या शिष्यांमुळे मराठी घरांत पोहोचली आणि तिने आपलं भलंच केलं.

पण व्यवहारासाठी बाजूला ठेवलेली गोष्ट कमअस्सल होती म्हणून बाजूला ठेवली, असं नंतरच्या पिढीने म्हणायला सुरुवात केली. खरी खोट तिथे आहे. १९५० च्या दशकात एका समितीने केलेली निवड आपण दोन हजार वर्षांचा निसर्गनियम असल्यासारखी शिकवतो. शिवाय ज्या शरीरांनी ओडिसी घडवली ती शरीरं आखाड्यात, बंधांनीच तयार झालेली होती. उतारवयात केलुचरण उघड्या अंगाने, कसल्याही वेषाविना राधा उभी करत तेव्हा लोक थक्क होत. थोर प्रतिभा, यात शंका नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या वयात रात्र रात्र स्त्रीवेषात नाचलेल्या, पाठीचा मणका न् मणका वेगळा हलवू शकणाऱ्या मुलाचा वारसा त्या शरीरात होता. ओडिसीचं धड जे तरंगतं, कमरेवर जे वेगळं सरकतं, त्याचं शिक्षण कुठून आलं याचा विचार न करता आपण त्या शिक्षणालाच गाळ म्हणतो. केलुचरण २००० साली पद्मविभूषण झाले, देश त्यांच्यापुढे झुकला. त्यांच्याच गावातले मागुणी चरण दास रघुराजपुरातच राहिले, गोटीपुआच शिकवत राहिले, दशभुजा गोटीपुआ ओडिसी नृत्य परिषद चालवली. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शहरांतल्या किती ओडिसी वर्गांत त्यांचं नाव घेतलं जातं?

एक आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही, आणि तो मुलांचा आहे. पाच वर्षांच्या पोराचं अंग रोज वाकवणं, त्याला रात्रीचे कार्यक्रम करायला लावणं, चौदाव्या वर्षी 'तुझं झालं' म्हणून सोडून देणं, यात त्या मुलाचं काय? हा प्रश्न विचारणारे माझे शत्रू नाहीत. कोवळ्या कण्याला इजा होऊ शकते, चुकीच्या हातात आखाडा छळछावणी होऊ शकते, शाळा बुडू शकते. पण या प्रश्नाचं उत्तर कलेला तुच्छ लेखून मिळत नाही. १९७६ साली माँट्रियलला १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले आणि जग वेडं झालं. पुढे लहान मुलींवर पडणाऱ्या ताणाची चर्चा वाढली, आणि १९९७ पासून महिलांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय १६ केलं गेलं. जिम्नॅस्टिक्सवर बंदी आली नाही, ते नृत्याच्या नाहीतर खेळाच्या कोणत्या पायरीवर बसतं यावर वाद घातला गेला नाही. नियम केले गेले. गोटीपुआलाही तेच हवं. आखाड्याला जोडलेली शाळा, वर्षातून दोनदा तरी हाडांच्या डॉक्टरची तपासणी, दौऱ्यावर असताना अभ्यासाची सोय, विमा, मुलाच्या नावाने बँकेत पडणारं मानधन. जे लोक 'मुलांचे हाल' म्हणतात त्यांनी या मागण्या सरकारपुढे आणि आयोजकांपुढे ठेवाव्यात, मी त्यांच्या मागे सही करीन. जे फक्त नाक मुरडून घरी जातात त्यांच्या करुणेवर माझा विश्वास नाही.

मुलांनी मुलीचा वेष घेण्याबद्दलही कुजबुज होते. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं त्याने यावर बोलू नये, एवढंच.

आणि हेही मान्य करायला हवं की आज आपल्यासमोर जे गोटीपुआ म्हणून येतं त्यातलं बरंचसं खरोखर सर्कशीकडे झुकलेलं असतं. त्याला जबाबदार कोण? इकडच्याच एका महोत्सवात मी पाहिलं: सात-आठ मुलं, गुरू, मर्दळ, गिनी म्हणजे झांजा, पेटी घेऊन रेल्वेने दीड दिवस प्रवास करून आली होती. आयोजकांनी त्यांना बारा मिनिटं दिली आणि सांगितलं, 'ते गाणं-अभिनय नको, थेट बंध घ्या, लोकांना तेच आवडतं.' निवेदिकेने त्यांची ओळख 'आता थोड्या चित्तथरारक कसरती' अशी करून दिली. ध्वनियंत्रणेवर आधी ध्वनिमुद्रित केलेला तुकडा लावला, कारण मर्दळासाठी माइक शिल्लक नव्हता. मुलं ठेका पकडायला धडपडत होती. ध्वनिमुद्रण कुणासाठी थांबत नाही, गुरूचा हात थांबतो. एका बंधात वरच्या मुलाचा पाय घसरला तर त्याच्यासाठी एक आवर्तन जास्त द्यायला कुणी नव्हतं. गुरू विंगेत मर्दळ मांडीवर घेऊन बसून होते. आणि मग त्या रात्रीच्या कार्यक्रमाबद्दल 'गोटीपुआमध्ये नृत्यापेक्षा कसरतच जास्त' असं लिहून येतं. आधी गाणं काढून घ्यायचं, मग ताल काढून घ्यायचा, मग अभिनय काढून घ्यायचा, आणि उरलं त्याला कसरत म्हणायचं. कथकमधून ठाट, गत, भाव काढून टाका आणि दहा मिनिटं नुसती चक्करं ठेवा. ती सर्कसच दिसेल.

दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी हे आणखी बिघडवलं आहे. तिथे शास्त्रीय पदन्यासाच्या दोन ओळी, मग तीन उलट्या उड्या, मग पुन्हा हस्तमुद्रा, असं शिवून 'फ्यूजन' केलं जातं. परीक्षक उभे राहतात. त्या उड्या तालाच्या कुठल्या मात्रेवर पडल्या हे विचारलंच जात नाही. गोटीपुआची तुलना या प्रकाराशी करणं ही सर्वांत मोठी गल्लत आहे. इथे उडी आणि नृत्य वेगवेगळ्या दुकानांतून आणून जोडलेले नाहीत; एकाच गुरूने, एकाच मर्दळाच्या बोलांवर, एकाच शरीरात ते वाढवलेले आहेत. बंध करणारा पोरगा उलटा असतानाही राधेची सखी असतो.

म्हणून माझं म्हणणं महाराष्ट्रातल्या महोत्सवांच्या आयोजकांना आणि ओडिसी शिकवणाऱ्या गुरूंना आहे, कारण गोटीपुआ इथे कसा दिसेल हे त्यांच्या हातात आहे. मुलांना बोलवायचं असेल तर पूर्ण सव्वा तास द्या. मर्दळ, गिनी आणि गाणारा रंगमंचावर बसू दे, ध्वनिमुद्रण नको. ज्या मुलांना येतं त्यांना गाऊ द्या, सूर थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालेल. कार्यक्रमपत्रिकेत गुरूंचं, गावाचं आणि प्रत्येक मुलाचं नाव छापा, जसं तुम्ही कथक नर्तकीच्या साथीदारांचं छापता. आणि आखाड्यातून वयामुळे बाहेर पडलेल्या तरुणांना आपल्या वर्गांत अंगाच्या तयारीसाठी शिक्षक म्हणून बोलवा. पाहुणा कलाकार म्हणून एका दिवसासाठी नको, पगारावर, वर्षभरासाठी बोलवा. त्यांना कणा कसा मोकळा करायचा, मुलाला न दुखवता किती वाकवायचं आणि कुठे थांबायचं हे ठाऊक आहे. आपल्याकडच्या ओडिसीच्या मुलींना त्याची गरज आहे. यातलं काहीही करायला अकादमीच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या हंगामाची पत्रिका अजून छापायची असेल तर त्यात एक संध्याकाळ गोटीपुआला देता येईल: वंदना, सारिगम, दोन अभिनय, आणि बंध त्यांच्या जागी, शेवटी.